फ्रिजखालची विहीर

माणसाला रस्ता माहीत असणे ही एक गोष्ट आणि तो त्याला कोणीतरी विचारणे ही दुसरी. स्केलसाहेबांकडे पहिली गोष्ट उतू जात होती आणि दुसरीचा दुष्काळ पडला होता.

नगररचना खात्यात त्यांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली. शर्टाच्या खिशात पेन सगळेच ठेवतात, यांच्या खिशात छोटी स्टीलची स्केल असे, म्हणून खात्याने त्यांना हे नाव दिले आणि निवृत्तीनंतर ते नाव पेन्शनसारखे त्यांच्या मागोमाग घरी आले. एके काळी त्यांच्या फाटकाशी रस्ता विचारणाऱ्यांची रीघ असे. नवा पोस्टमन, वाट चुकलेला पाहुणा, लग्नाचे कार्यालय शोधणारी मंडळी, सगळी तिथे थांबत. साहेब नुसता रस्ता सांगत नसत. ते समोरच्याला आधी खांद्याला धरून उत्तरेकडे तोंड करून उभे करत आणि मग सांगत. सांगून झाले की, "आता तुम्ही म्हणून दाखवा," असा आग्रह धरत. लग्नाच्या मंडळींचा मुहूर्त टळत असे, पण म्हणून दाखवल्याशिवाय सुटका नसे.

मग रस्ते फोनमध्ये आले आणि फाटक सुने पडले. लोक हातातल्या फोनकडे बघत साहेबांच्या समोरून जात, चुकीच्या गल्लीत वळत, परत येत आणि पुन्हा त्यांच्या समोरूनच जात. साहेब व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून हे सगळे बघत आणि मनातल्या मनात कुढत. एकदा एक तरुण खरोखरच फाटकाशी थांबला आणि, "काका, जरा विचारायचं होतं," म्हणाला. साहेब चप्पल न घालताच धावले. त्याला विचारायचे होते ते एवढेच की इथे फोनला रेंज कुठे उभे राहिले की येते. त्या दिवशी ते जेवले नाहीत असे त्यांची बायको म्हणते. साहेबांच्या मते ते जेवले, फक्त भात परत घेतला नाही.

तेव्हा गावच्या वाचनालयाने वर्धापनदिनाच्या निमित्ताने शोधखेळ जाहीर केला, त्याची ही गोष्ट आहे. कोडी सोडवत गावभर हिंडायचे, शेवटच्या कोड्याच्या जागी एक हिरवी चकती मिळेल, ती आणून द्यायची. बक्षीस म्हणून कप नाही, पाकीट नाही. जो जिंकेल त्याने पुढच्या रविवारी गावफेरीच्या पुढे चालायचे आणि लोकांना जुने गाव दाखवायचे. साहेबांनी हे बक्षीस वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. चाळीस-पन्नास माणसे मागे, आपण पुढे, आणि प्रत्येक वळणावर ती माणसे आपल्याला विचारणार, की साहेब, इथे काय होते? या वयात माणसाला दुसरे काय हवे असते?

"द्या की नाव," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. या बाईंना गल्लीत सगळे वहिनी म्हणतात, आपणही म्हणू. नाव साहेबांनी सकाळीच देऊन टाकले होते. जोडीनेच भाग घ्यायचा नियम होता, म्हणून वहिनींचेही दिले होते. त्यांना विचारायचे राहून गेले होते.

इथे साहेबांचा एक सिद्धांत सांगायला हवा. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला रस्ता विचारला नव्हता. ज्याने नकाशे काढले त्याने रस्ता विचारणे म्हणजे स्वयंपाक्याने शेजारी जाऊन जेवण्यासारखे आहे, असे ते म्हणत. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हासुद्धा वहिनी तीनदा म्हणाल्या, की कोपऱ्यावर विचारा. साहेबांनी विचारले नाही. ते सरळ भलत्याच घरात जाऊन बसले, चहा घेतला, तिथला मुलगा बघितला आणि पसंतही केला. मुलाची बायको दुसरा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा खुलासा झाला. साहेबांचे म्हणणे आजही असे आहे, की नकाशा बरोबर होता, गल्ली चुकली होती. पुढे योग्य घर सापडले, लग्न झाले, मुलगी-जावई परगावी सुखात नांदत आहेत. पण त्यांचे व्याही, जे याच गावात राहतात आणि ज्यांना गप्प बसण्याचा आजार कधी झालेला नाही, ते दर भेटीत दार उघडून विचारतात, "या या, आमच्याकडेच आलात ना?"

तर सुरुवातीची कोडी साहेबांनी शनिवारी जेवायच्या आत उडवून लावली. शेवटचे मात्र असे होते: "दोन नकाशांत मी आहे, तिसऱ्यात नाही. माझ्या जागी आज जो दिवसभर उभा असतो, त्याला विचारा." सोबत गावाच्या तीन जुन्या नकाशांच्या झेरॉक्स. पहिला फार जुना, दुसरा पहिल्यावरून खात्यात उतरवून काढलेला आणि तिसरा नव्याने मोजणी करून केलेला. रविवारी दुपारी वाचनालय बंद व्हायच्या आत चकती आणून द्यायची होती.

साहेबांनी जेवणाचे टेबल ताब्यात घेतले. वहिनी ताट मांडीवर घेऊन जेवल्या. भिंग फिरवता फिरवता साहेब एके ठिकाणी थांबले. बाजाराच्या मागे एक बारीकसे, सुबक वर्तुळ होते. पहिल्या नकाशात होते, दुसऱ्यात होते, तिसऱ्यात नव्हते.

"विहीर," साहेब म्हणाले.

वहिनींनी येऊन बघितले. मग मोठ्या चौकात असलेल्या एका चौकोनी ठिपक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे पण तिसऱ्यात नाहीये की. ही जुनी जकातीची चौकी असणार. आणि मी काय म्हणते, गावात दिवसभर उभं कोण असतं? तिथला तो हवालदार—"

साहेबांनी हात वर केला. चौकी ही क्षुद्र गोष्ट, तिच्यावर कोणी कोडे घालत नाही. विहिरीला खोली असते. शिवाय दुसरा नकाशा ज्यांच्या हातचा होता ते मोठे आरेखक म्हणजे साहेबांचे गुरू. ते शिकवत, की समोर दिसेल ते काढायचे, स्वतःचे डोके चालवायचे नाही. साहेबांनी तोच मंत्र पुढे चार पिढ्या शिकाऊ पोरांच्या कानात फुंकला होता. गुरूंनी वर्तुळ काढले याचा अर्थ तिथे वर्तुळ होते. वहिनी पुन्हा ताटाकडे वळल्या.

आता ती विहीर आजच्या गावात नेमकी कुठे येते हे काढायचे, तर आजचा मोजणीचा नकाशा पाहिजे. साहेब आपल्या जुन्या खात्यात गेले. खिडकीतल्या नव्या कारकुनाने मान वर न करता सांगितले, की अर्ज करा, कारण लिहा. साहेबांनी कारण काय लिहायचे याचा विचार केला. 'कोडे' असे लिहिणे त्यांना जिवावर आले. ते म्हणाले, की मी या खात्यात होतो. कारकून म्हणाला, "मग चौकशीच्या खिडकीवर विचारा, तिथे सांगतील." विचारा! आणि तेही या इमारतीत, जिच्या जिन्याचा नकाशा यांनीच काढला होता. साहेब ताठ मानेने परत फिरले. ताठ मानेमुळे त्यांना त्या जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, आणि घरी येईपर्यंत घोटा चांगलाच सुजला.

लंगडत येणारा माणूस दिसला की शेजाऱ्यांना सल्ला सुचतो. शेजारचे भूगोलमास्तर कुंपणावरून वाकून उभेच होते. साहेबांनी ट्रंकेतला आपला जुना नकाशा कुंपणाशी आणून हिशेब केला, तर विहीर बाजारामागच्या सार्वजनिक मुतारीत आली. त्यामुळे ते जरा खचले. मुतारीत दिवसभर कोण उभा असणार आणि त्याला काय विचारणार? मास्तरांनी धीर दिला. त्यांच्या मते साहेबांनी दोन गोष्टी धरल्याच नव्हत्या. एक, जुना कागद आक्रसतो. दोन, चुंबकाची उत्तर दिशा दरवर्षी थोडी थोडी सरकते. "इतक्या वर्षांत ती कुठल्या कुठे गेली असेल," मास्तर म्हणाले. ते हे इतक्या काळजीने म्हणाले, की जणू उत्तर त्यांच्या घरातूनच निघून गेली होती. कागद किती आक्रसला आणि उत्तर किती सरकली हे दोघांनी मिळून, एकमेकांचा मान राखून, अंदाजाने ठरवले. विहीर मुतारीतून उठली, दोन बंगले ओलांडून गेली आणि थेट व्याह्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

साहेबांनी पुन्हा मोजले. पुन्हा तिथेच. मुलीच्या सासरी साहेब इतक्या वेळा जेवले होते, की ते स्वयंपाकघर त्यांना इंचाइंचाने पाठ होते. खिडकीजवळच्या कोपऱ्यात दिवसभर उभा असतो तो एकच. व्याह्यांचा नवा फ्रिज.

"त्याला विचारा," साहेब पुटपुटले. मास्तरांनी आदराने मान डोलावली.

रविवारी सकाळी दोघे नवरा-बायको निघाले. मोठ्या चौकाच्या मधोमध साहेब थांबले, कारण सरकलेली उत्तर एकदा प्रत्यक्ष धरून बघायची होती. त्यांनी नकाशा उघडला, तो वाऱ्याने फडफडला, त्यांनी तो उलटा केला, मग स्वतः उलटे झाले. चारी बाजूंनी गाड्या अडल्या. चौकातल्या हवालदाराने शिट्टी वाजवली आणि जवळ येऊन अगदी आपुलकीने विचारले, "काका, काही विचारायचं आहे का?"

"नाही," साहेब म्हणाले.

"बघा हं, विचारायचं असेल तर विचारा."

ज्याच्या जन्माच्या आधीपासून आपण हा चौक काढतो आहोत, त्या पोराने आपल्याला वाट विचारायला सांगावे याचा साहेबांना इतका राग आला, की ते घोट्याची पर्वा न करता तरातरा रस्ता ओलांडून गेले. वहिनी मागे राहिल्या. त्या बऱ्याच वेळाने आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऐका ना, ते हवालदार—"

"त्याचं नाव काढू नकोस," साहेब म्हणाले. थोड्या अंतरावर वहिनींनी पुन्हा तोंड उघडले तेव्हा साहेबांनी उत्तर दिशेचे कारण सांगून त्यांना गप्प केले. मग वहिनींनी पर्स काखेत नीट धरली आणि चार पावले मागे राहून कोणाला तरी फोन लावला.

व्याह्यांनी दार उघडले. "या या, आमच्याकडेच आलात ना?"

साहेबांनी हसून ते गिळले आणि सोफ्यावर बसून योग्य त्या गांभीर्याने विषय काढला. तुमच्या फ्रिजखाली गावाची ऐतिहासिक विहीर आहे. व्याही आधी हसले. मग साहेब फ्रिज सरकवायची गोष्ट बोलू लागले तेव्हा ते हसायचे थांबले. फ्रिज नवा होता, त्याखालच्या फरशा त्याहून नव्या होत्या. घेतल्यापासून व्याह्यांनी त्या फ्रिजला स्वतःच्या हाताशिवाय कोणाचा हात लावू दिला नव्हता. त्यांच्या पत्नी म्हणजे विहीणबाई दूध काढतानासुद्धा दार हळू लावत. व्याह्यांनी साफ नाही म्हटले. साहेबांनी तेव्हा वेगळा डाव टाकला. ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, की अशा घरांच्या दाराशी पुढे दगडी पाटी लागते, गावफेरीचे लोक थांबून ती वाचतात.

व्याह्यांनी दाराकडे एकदा बघून घेतले. पाटीवर आपले नाव वर येईल की विहिरीच्या खाली, एवढेच त्यांनी विचारले आणि उठले.

आत गेल्या गेल्या एक गोष्ट चमत्कारिक दिसली. विहीणबाई आधीच पदर खोचून, हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याच्या फ्रिजवर असा प्रसंग आलेला असताना त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या सणाचा उजेड होता. साहेबांना ते खटकायला हवे होते. पण त्यांचे लक्ष जमिनीच्या खाली होते.

मग दोन पोक्त पुरुषांनी तो फ्रिज हलवला. म्हणजे व्याह्यांनी डावीकडे ओढला आणि साहेबांनी उजवीकडे. फ्रिजच्या पायांची चाके बंद असतात, ती आधी सोडायची असतात, असे सोबतच्या पुस्तकात लिहिलेले होते. ते पुस्तक व्याह्यांनी जपून ठेवायचे म्हणून फ्रिजच्याच मागे ठेवले होते. पहिल्या झटक्यात वरच्या कप्प्यातली अंडी खाली आली. दुसऱ्यात मागच्या तबकातले साठलेले पाणी साहेबांच्या पँटीत गेले. तिसऱ्यात नव्या फरशीवर भिंतीपासून ओट्यापर्यंत एक सरळ रेघ उमटली. ती इतकी सरळ होती, की साहेबांनी एरवी तिचे कौतुक केले असते. व्याह्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही. मुलीच्या सासऱ्याला असे मुके झालेले साहेबांनी प्रथमच बघितले.

फ्रिजखालची जागा उघडी पडली. साहेब गुडघ्यांवर बसून वाकले. धुळीच्या मधोमध, जिथे हिशेबाने विहीर यायला हवी होती बरोबर तिथे, एक वर्तुळ होते.

"ही माझ्या कुकरची रिंग," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी ती उचलली, झटकली आणि नवऱ्यासमोर धरली. "मीच कचऱ्यात टाकली होती ना? वर्ष झालं ऐकतेय."

व्याही पाणी पुसायला वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेले राहिले. साहेब मात्र हटले नाहीत. त्यांनी खिशातली स्केल काढली आणि फरशीवर वाजवून बघितले. खाली पोकळ आवाज आला. व्याह्यांच्या डोळ्यांत पाटी पुन्हा चमकली. त्यांनी शेजारची फरशी वाजवली. तीही पोकळ. मग दोघे व्याही रांगत रांगत सगळे स्वयंपाकघर वाजवत सुटले. ओट्याखाली पोकळ, दारात पोकळ, कपाटाखाली पोकळ. एवढी मोठी विहीर कोणत्याच गावाला परवडली नसती. गवंड्याने फरशांखालचे सिमेंट खाल्ले होते, हे आधी व्याह्यांच्या लक्षात आले आणि ते आहे तिथेच मांडी घालून बसले.

"चकती वगैरे काही दिसत नाही हो," वहिनी हळूच म्हणाल्या.

साहेबांचा तर्क तयार होता. चकती ठेवणाऱ्याला फ्रिज हलला नसेल. उत्तर बरोबर आहे, तेव्हा सरळ वाचनालयात जाऊन हक्क सांगायचा. व्याहीही निघाले, कारण गवंडी रविवारी फोन उचलत नव्हता आणि कोणाशी तरी भांडणे त्यांना आवश्यक वाटत होते. विहीणबाई निघाल्या, कारण आजच्यासारखा दिवस पुन्हा येणार नव्हता. चौकात हवालदाराने वहिनींकडे बघून हसत पुन्हा विचारले, "काका, आता तरी?" साहेब ओली पँट एका हाताने धरून पुढे निघून गेले.

वाचनालय बंद व्हायची वेळ जवळ आली होती. ग्रंथपालबाईंनी चौघांना बघितले, साहेबांच्या पायाखाली जमणारे पाणी बघितले आणि शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग त्या कपाटातून पहिल्या नकाशाची मूळ प्रत घेऊन आल्या. झेरॉक्समध्ये सगळेच काळे दिसते. मूळ कागदावर घरे काळी होती, रस्ते काळे होते आणि ते सुबक वर्तुळ तांबूस होते.

साहेबांनी भिंग लावले. फार वेळ लावून ठेवले. थेंब वाळला की त्याची कड गडद होते आणि मध्य फिका राहतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर असे कितीतरी थेंब आयुष्यभर पडले होते.

"चहा आहे," ते म्हणाले.

ज्याने तो पहिला नकाशा काढला त्याच्या हातून कधीतरी चहा सांडला होता. गुरूंनी दुसरा नकाशा उतरवताना समोर दिसले ते काढले, डोके चालवले नाही, आणि त्या थेंबाची काळ्या शाईने विहीर झाली. तिसऱ्या वेळी कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर जाऊन लोकांना विचारले असणार, की इथे विहीर कुठे आहे हो? लोकांनी नाही म्हटले असणार, आणि विहीर बुजली. साहेब खुर्चीवर बसले. त्यांना फार वाईट वाटत होते. गावफेरी गेली, व्याह्यांची फरशी गेली, गुरू गेले होतेच, आज पुन्हा एकदा गेले. व्याहीसुद्धा यावर काही बोलले नाहीत, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

"हरलो," साहेब म्हणाले.

वहिनींनी काखेतली पर्स उघडली आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलावर एक हिरवी चकती ठेवली.

साहेबांनी विचारले, "ही कुठून आली?"

"चौकातून. मी त्या हवालदारांना विचारलं, की पूर्वी इथे चौकी होती, तिच्या जागी आता तुम्हीच उभे असता ना? तर त्यांनी खिशातून काढून दिली. सकाळपासून कोणी विचारेल म्हणून बिचारे वाट बघत होते. सगळे फोन नाहीतर नकाशा बघत त्यांच्या अंगावरून जात होते."

"सकाळीच मिळाली? मग मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगायला आले. मग म्हटलं, विचाराल कधीतरी."

"आणि तो फ्रिज? तो सगळा तमाशा होऊ दिलास?"

यावर विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी सकाळीच फोनवर आपल्या विहिणीकडून सगळे ऐकले होते आणि फ्रिज हलेपर्यंत चकती बाहेर काढायची नाही, असे वचन घेतले होते. "वर्षभर सांगतेय, त्याखाली झाडायचंय. माझ्या शब्दावर हलला असता का?" त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मग साहेबांकडे बघून, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

ग्रंथपालबाईंनी चकती पारखून घेतली. दुसऱ्या कोणाचीही आली नव्हती. नियमाप्रमाणे ज्याने चकती मिळवली तोच गावफेरीच्या पुढे चालणार, म्हणून त्यांनी वहिनींचे नाव लिहून घेतले. साहेबांनी बायकोचे अभिनंदन केले. मनापासून केले, पण आवाज जरा घोगरा आला. घरी गेल्यावर त्यांनी स्केल खिशातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. ही गोष्ट वहिनींनी बघितली.

पुढच्या रविवारी गावफेरीला चांगली गर्दी झाली. वहिनी नीट इस्त्रीची साडी नेसून पुढे, साहेब कुठेतरी मागे, मास्तरांच्या शेजारी. पहिल्या वळणावर वहिनी थांबल्या, मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, इथे काय होतं हो पूर्वी?"

गर्दी वळून बघू लागली. साहेब चाचरले. मग त्यांनी सांगितले, की इथे जुने पोस्ट होते. दुसऱ्या वळणावर पुन्हा, "अहो, आणि हा रस्ता कुठे जायचा?" साहेब दोन पावले पुढे आले. तिसऱ्या वळणापर्यंत ते सगळ्यांच्या पुढे होते, लोकांना खांद्याला धरून उत्तरेकडे तोंड करून उभे करत होते आणि म्हणून दाखवायला सांगत होते. जुन्या शाळेपाशी वहिनींनी पुन्हा विचारले तेव्हा मात्र साहेब क्षणभर थांबले. त्या शाळेत वहिनी स्वतः शिकल्या होत्या. पोस्टात तर घरची पत्रे कितीतरी वर्षे त्याच टाकत. साहेबांनी त्यांच्याकडे बघितले. त्या चेहऱ्यावर काहीच माहीत नसल्याचा भाव आणून उभ्या होत्या. साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी शाळेची लांबी-रुंदी जरा जास्तच तपशिलात सांगितली.

व्याह्यांच्या दारासमोर गर्दी आपोआप थांबली, कारण व्याही बाहेर येऊन उभे होते. आत नव्या फरशा उखडलेल्या दिसत होत्या. कोणीतरी विचारले, की इथे काय होते. साहेबांनी व्याह्यांकडे बघितले, व्याह्यांनी साहेबांकडे.

"इथे," साहेब गंभीरपणे म्हणाले, "फार वर्षांपूर्वी चहा सांडला होता. म्हणजे इथे नाही, नकाशावर. पण आम्ही शोधला इथे."

फरशी गेल्यापासून व्याह्यांना तेव्हा पहिल्यांदा हसू फुटले. मग आलेल्या सगळ्यांना चहा पाजणे त्यांना भाग पडले, आणि विहीणबाईंनी तो अंगणातच पाजला.

फेरी संपली, लोक पांगले आणि दोघे नवरा-बायको घराकडे निघाले. बाजाराच्या तोंडाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. दोन्ही घरी जातात, हे साहेबांच्या इतके गावात कोणालाच माहीत नव्हते. ते तिथे थांबले, दोन्हीकडे बघितले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "अगं, कुठून जायचं?"

वहिनींनी त्यांना खांद्याला धरून आधी उत्तरेकडे तोंड करून उभे केले आणि मग सांगितले.